शाळेच्या फेऱ्या मारणारी डिझेल व्हॅन: डीपीएफचा दिवा आणि घसरलेलं अ‍ॅव्हरेज

गोडोलीकर
नमस्कार मंडळी. २.२ लिटर बीएस-६ डिझेल व्हॅन, ६१ हजार किमी झालेत. साताऱ्यात सोमवार ते शनिवार गोडोली, सदरबझार, पोवई नाका, राजवाडा अशा शाळेच्या फेऱ्या. एक फेरी ५-६ किमीची, दिवसाचे साधारण ४५ किमी. फेब्रुवारीपर्यंत टाकी फुल ते टाकी फुल १३ चं अ‍ॅव्हरेज पडत होतं, ते आता १०.४ वर आलंय. डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, पिवळा दिवा आठवड्यातून दोनदा लागतो. तीन गॅरेजांत तीन मतं मिळाली: फोर्स रिजन मारा (म्हणजे स्कॅनर लावून गॅरेजातच काजळी जाळायची), फिल्टरची जाळी काढून पाईप टाका, नवा फिल्टर बसवा. यातलं बरोबर कुठलं? आणि डीपीएफ खरंच एवढं डिझेल खातो का?

कृष्णाकाठचा फिटर
तिन्ही नको, निदान आत्ता तरी. फिल्टर भरला ही खूण आहे, रोग दुसरीकडे असतो.

आधी आत काय चालतं ते सांगतो. डीपीएफ म्हणजे मधमाश्यांच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची वीट. शेजारशेजारच्या नळ्या आलटून पालटून एका टोकाला बंद असतात, त्यामुळे धुराला नळीच्या भिंतीतूनच पलीकडे जावं लागतं आणि काजळी भिंतीवर अडकते. ती दोन रीतींनी जळते. गाडी हायवेला लोडवर चालत असली की २५० ते ४०० अंशांत धुरातला नायट्रोजन डायऑक्साईडच काजळी हळूहळू खातो, तुम्हाला कळतही नाही. गावातल्या फेऱ्यांत तेवढी उष्णता होत नाही. मग ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, मुख्य फवाऱ्यानंतर थोडं जास्तीचं डिझेल सोडतो, ते डीपीएफच्या आधीच्या कॅटॅलिस्टमध्ये जळतं आणि फिल्टरमधलं तापमान ६०० च्या आसपास नेतं. हे म्हणजे अ‍ॅक्टिव्ह रिजन. त्याला सलग १५-२० मिनिटं लागतात.

तुमची फेरी ५-६ किमीची. रिजन सुरू होतं, शाळा येते, किल्ली बंद. ओतलेलं डिझेल वाया, काजळी तशीच. पुढच्या फेरीला पुन्हा पहिल्यापासून. दिवा लागतोय याचा अर्थ अर्धवट सुटलेली रिजन साठत चाललीत.

आधी एवढं करा. ट्रिप मीटर ए टाकीसाठी ठेवा, बी रिजनसाठी. रिजन सुरू झालेलं दिसलं की बी शून्य करा. दोन रिजनमध्ये किती किमी जातात हा आकडा मिळाल्याशिवाय कुणालाही गाडी खोलू देऊ नका.

माणदेशी
रिजन सुरू झालं हे ओळखायचं कसं? सगळ्या गाड्यांत दिवा लागत नाही.

कृष्णाकाठचा फिटर
बरोबर, पिवळा दिवा बहुतेक गाड्यांत रिजन अडल्यावरच लागतो. चालू असताना या खुणा बघा: उभ्या गाडीत आयडलिंग ८०० चं ९५०-१००० होतं. डॅशबोर्डवर चालू अ‍ॅव्हरेजचा आकडा त्याच रस्त्यावर, त्याच गिअरला एकदम पडतो. आवाज जरा जड येतो. गाडी बंद केली तरी रेडिएटरचा पंखा जोरात फिरत राहतो आणि मागून तापलेल्या लोखंडासारखा वास येतो. पंखा फिरताना दिसला की समजा, रिजन मध्येच तोडलंत. लगेच परत स्टार्ट करून हायवेला काढा.

अजिंक्यतारा
साताऱ्यात असून एवढी चिंता कशाला? यवतेश्वरचा घाट आहे की उशाला. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला चढवायची, इंजिनावर लोड आला की धूर आपोआप तापतो. आठवड्यातून एकदा वर जाऊन यायचं, फिल्टर साफ.

मिरज जंक्शन
अजिंक्यतारा, चढाचं पटतं, उताराचं नाही. उतरताना पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढला की इंजिनात डिझेलच जात नाही, नुसती थंड हवा फिल्टरमधून जाते. चढताना तापवलेलं उतरताना निवतं. अ‍ॅक्टिव्ह रिजन चालू असेल तर ते तिथेच थांबतं.

त्याहून वाईट दुसरी गोष्ट. काजळीने गच्च भरलेला फिल्टर ऐन रिजनमध्ये असताना घाटमाथ्यावर चहाच्या टपरीपाशी गाडी आयडलला उभी करायची नाही. आयडलला धुरात ऑक्सिजन भरपूर आणि वाहती हवा कमी. काजळी धडाडून पेटते, उष्णता वाहून न्यायला हवा नाही, आतलं तापमान हजार अंशांच्या वर जाऊ शकतं. वीट तडकते ती अशीच. तडकलेल्या विटेला दुरुस्ती नाही.

सपाट, सलग रस्ता हवा. साताऱ्याहून शेंद्र्याला हायवेला लागा आणि नागठाण्याच्या पुढे उंब्रजकडे चला. पाचव्याऐवजी चौथा गिअर, २००० ते २५०० आरपीएम, ६०-७० चा वेग, २० मिनिटं एकसारखा पाय. फार पळवायची गरज नाही. सांगलीकरांनी सांगली-मिरज रस्ता धरू नये, तिथे सिग्नल आणि गर्दी. मिरजेतून कवठे महांकाळच्या बाजूला जावं. पेठ नाक्याचा रस्ता उसाच्या हंगामात बिनकामाचा, ट्रॉल्यांच्या मागे २० च्या वेगात रांगावं लागतं.

अजिंक्यतारा
उताराचा मुद्दा मान्य. पण रोजच्या चालवण्यात ज्याला चढ मिळतो त्याच्या गाडीला हा त्रास कमी, एवढं तरी धरा. पाचगणीला माल नेणाऱ्या पिकअपला दिवा क्वचितच लागतो.

मिरज जंक्शन
ते शंभर टक्के. लोडवर चालणाऱ्या गाडीचा फिल्टर चालता चालताच साफ होत राहतो.

हिशेबनीस
मूळ प्रश्नातला दुसरा भाग राहिला: डीपीएफ एवढं डिझेल खातो का? ढोबळ हिशेब मांडतो.

२.२ लिटर इंजिन २००० आरपीएमला मिनिटाला साधारण अडीच किलो धूर बाहेर टाकतं. तो ३०० अंशांवरून ६०० वर न्यायचा. धुराची उष्माधारकता किलोला, अंशाला साधारण १.१ किलोज्यूल. म्हणजे २.५ × १.१ × ३०० = ८२५ किलोज्यूल मिनिटाला. १५ मिनिटांचे १२.४ मेगाज्यूल. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे ३६ मेगाज्यूल. म्हणजे एका रिजनला साधारण ०.३४ लिटर, एक तृतीयांश लिटर धरा.

१३ च्या अ‍ॅव्हरेजने ४०० किमीला ३०.८ लिटर लागतात. ४०० किमीत एक रिजन झालं तर जास्तीचा खर्च जेमतेम एक टक्का. दर १०० किमीला होत असेल तर साडेचार टक्के. गोडोलीकरांचं अ‍ॅव्हरेज २० टक्के पडलंय. एवढं एकटा डीपीएफ खाऊ शकत नाही. बाकीचं डिझेल दुसरीकडे जातंय.

माणदेशी
हा हिशेब कुठल्याच गॅरेजात कुणी मांडून दाखवला नव्हता. वाचनखूण साठवली.

मोकळा रस्ता
मंडळी, तुम्ही एवढं खोलात जाताय, पण पाईप टाकून सॉफ्टवेअर मारलं की कटकट कायमची संपते. मागचा दाब कमी होतो, गाडी मोकळी श्वास घेते, अ‍ॅव्हरेज वाढतं. बाहेर किती गाड्या अशाच फिरतायत.

कृष्णाकाठचा फिटर
दादा, कळकळीने सांगतो, हे शाळेच्या गाडीला तर मुळीच करू नका. काजळी का होते ते शोधलंच नाही तर ती तितकीच होत राहते, फक्त आता फिल्टरऐवजी गाडीमागून चालणाऱ्या पोरांच्या नाकात जाते. टर्बोची (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंपाची) गळती, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात फिरवणारी झडप), इंजेक्टर यातलं जे बिघडलंय ते डिझेल खातच राहतं आणि सांगणारा दिवा मात्र तुम्ही विझवलेला असतो. वर सॉफ्टवेअर मारणाऱ्याने डिझेलचं प्रमाणही वाढवलं तर टर्बोचं आयुष्य घटतं.

पासिंगवाला
कायद्याची बाजू. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत असा बदल चालत नाही. कलम १९० (२) प्रमाणे प्रदूषणाचा नियम पहिल्यांदा मोडला तर १० हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स बाद. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाडीला कंपनीने डीपीएफ दिला असेल तर तो त्या गाडीच्या मंजुरीचाच भाग आहे.

जुनी गाडी घेताना फिल्टर आहे की काढलाय हे बघायची सोपी रीत: थंड गाडीच्या सायलेन्सरच्या नळीत पांढरं फडकं बोटाला गुंडाळून फिरवा. फिल्टर शाबूत असलेल्या गाडीत फडक्यावर राखाडी धूळ किंवा गंजाचा तांबूस डाग येतो. तव्याच्या बुडासारखं काळंभोर निघालं तर वीट तडकलीय किंवा आत नुसता पाईप आहे.

वाईची ताई
जरा अवांतर विचारते. आमच्या गाडीत युरियाचीही टाकी आहे. ती रिकामी राहिली तर डीपीएफ भरतो का? आणि सोसायटीतून आणलेला युरिया पाण्यात कालवून टाकला तर चालेल का?

मिरज जंक्शन
ताई, दोन्ही यंत्रणा वेगळ्या. डीपीएफ काजळी अडवतो, युरियाचं पाणी म्हणजे डीईएफ, ते नायट्रोजनची ऑक्साईडं कमी करतं. टाकी रिकामी झाली तर डीपीएफ लगेच भरत नाही, पण गाडी आधी इशारा देते, मग ताकद कमी करते किंवा पुन्हा स्टार्टच होत नाही. इंजिन लाईट लागलेला राहिला तर बऱ्याच गाड्यांत रिजनही अडतं, त्यामुळे टाकी भरलेलीच ठेवा.

सोसायटीतला युरिया मात्र अजिबात नाही. डीईएफमध्ये ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि क्षार काढलेलं पाणी असतं. शेतीच्या युरियाला २०१५ पासून सगळीकडे निंबोळी तेलाचा लेप असतो, वर बाययुरेट आणि क्षार. ते इंजेक्टरच्या तोंडाशी पांढरं दगडासारखं बसतं आणि कॅटॅलिस्ट खराब करतं. आयएसओ २२२४१ छापलेला सीलबंद डबा घ्या.

तासगावकर
ऑइलबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून सांगतो.

रिजनसाठी सोडलेलं जास्तीचं डिझेल सगळंच बाहेर जात नाही. थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. अर्धवट रिजन वारंवार झाली की ऑइलची पातळी वाढते. डिपस्टिक दर सोमवारी, सपाट जागी, थंड गाडीत बघा. मॅक्सच्या वर गेली, वास डिझेलचा आला आणि बोटांत ऑइल पाण्यासारखं सुळसुळीत लागलं तर किमीचा आकडा न बघता बदला. पातळी फार वर गेली तर इंजिन स्वतःचंच ऑइल ओढून किल्ली बंद केल्यावरही पळत सुटू शकतं. कमी असलेल्या ऑइलइतकंच जास्तीचं ऑइलही धोक्याचं.

दुसरं, ग्रेड. काजळी जळून जाते, पण राख जळत नाही. राख येते ती ऑइलमधल्या कॅल्शियम, मॅग्नेशियम, झिंकच्या मसाल्यातून. डब्यावर नुसतं ५-डब्ल्यू-३० बघून भागत नाही, एसीईए या युरोपीय मानकातलं सी-२ किंवा सी-३, नाहीतर तुमच्या पुस्तकात लिहिलेली मान्यता बघा. सी-३ मध्ये सल्फेटेड राख ०.८ टक्क्यांपर्यंतच चालते, जुन्या पद्धतीच्या ए-३/बी-४ मध्ये १.६ पर्यंत. समजा गाडी ५ हजार किमीला एक लिटर ऑइल खाते. लाख किमीत २० लिटर. सी-३ असेल तर लिटरमागे जवळपास ७ ग्रॅम राख, एकूण १४० ग्रॅमच्या आसपास. चुकीच्या ऑइलने तीच दुप्पट. त्यातली बरीचशी फिल्टरमध्येच बसते आणि कितीही फोर्स रिजन मारलं तरी निघत नाही.

माणदेशी
मग राख काढायची कशी? बाटलीतलं लिक्विड टाकीत ओततात ते?

तासगावकर
ते लिक्विड काजळी थोड्या कमी तापमानाला पेटावी म्हणून असतं, राखेला काही करत नाही. त्यात लोह किंवा सिरियम असेल तर उलट थोडी राख वाढतेच. राख काढायची तर फिल्टर उतरवून आधी वजन करायचं, मग भट्टीत हळूहळू तापवून काजळी जाळायची, नंतर बाहेरच्या बाजूकडून आतल्या बाजूला, म्हणजे उलट दिशेने हवा मारायची आणि पुन्हा वजन करायचं. दोन्ही वजनं लिहून देईल त्याच्याकडेच काम द्या. अ‍ॅसिड ओतणं, वॉशिंग सेंटरच्या गनने जोरात पाणी मारणं, सळई घालून ठोकणं यातलं काहीही करू देऊ नका. पण ६१ हजारांवर राख भरणं अवघड आहे, गोडोलीकरांचं दुखणं ते वाटत नाही.

हळदीचं पोतं
सांगलीकडच्यांसाठी एक कळकळीची सूचना. रिजन चालू असताना किंवा नुकतंच झालेलं असताना गाडी उसाच्या पाचटावर, कडब्यावर, वाळल्या गवतावर उभी करू नका. कारखान्याच्या रस्त्याला कडेला पाचट पसरलेलं असतं आणि गाडीखालचा डीपीएफ त्यापासून वीतभरच वर असतो. मार्केट यार्डात बारदानाच्या ढिगाला सायलेन्सर लावून तर कधीच नको. गॅरेजात फोर्स रिजन मारतानाही गाडी शेडबाहेर, फरशीवर किंवा मुरमावर घ्यायला सांगा.

कृष्णाकाठचा फिटर
आता गाडी न खोलता तपासायच्या गोष्टी. ओबीडीचा, म्हणजे गाडीच्या तपासणी सॉकेटात बसणारा, साधा डोंगल आणि मोबाईल पुरेसा, मात्र डीपीएफचे आकडे दाखवणारं अ‍ॅप हवं.

कूलंटचं तापमान पहिलं. १० किमी चालवल्यावर ते ८० च्या वर असायला हवं. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटची रेडिएटरकडची वाट बंद ठेवणारी झडप, उघडाच अडकला असेल तर ६५-७० वर घुटमळतं. तेवढ्यावर ईसीएम बऱ्याचदा रिजन सुरूच करत नाही आणि इंजिन थंड आहे असं समजून डिझेलही जास्त देतो. डॅशबोर्डचा काटा यात फसवतो, खरा आकडा स्कॅनरमध्येच दिसतो.

मग डीपीएफचा दाब. इंजिन बंद, किल्ली ऑन: आकडा शून्य हवा. शून्य नसेल तर सेन्सरच चुकतोय आणि फिल्टर बिचारा विनाकारण बदनाम होतोय. सेन्सरकडे दोन बारीक रबरी नळ्या जातात, फिल्टरच्या आधीची आणि नंतरची. त्या वाकवून बघा. उष्णतेने टोकाशी चिरतात, क्लिपखालची चीर वरून दिसत नाही. काजळीने बंद झाली असेल तर हवा मारून मोकळी करा, पण आधी सेन्सरकडचं टोक काढा. नळी लावलेली असताना कॉम्प्रेसरची हवा मारली तर आतला पडदा फुटतो. लावताना नळ्यांची अदलाबदल करू नका, आकडे उलटे येतात.

नंतर टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतचा होज. सांध्यापाशी ओलसर काळं ऑइल दिसतंय, रेस केल्यावर शिट्टीसारखा आवाज येतोय म्हणजे हवा गळतेय. साबणाचं पाणी मारून कुणाला तरी रेस द्यायला सांगा, बुडबुडे येतील. हवा कमी पडली की डिझेल अर्धवट जळतं आणि काजळी वाढते. एअर फिल्टरही बघा, उसाच्या हंगामात धुळीने लवकर भरतो. हे सगळं चोख निघालं तरच ईजीआर आणि इंजेक्टरच्या रिटर्नची तपासणी.

आणि डिझेल पाव टाकीच्या खाली ठेवू नका. रिझर्व्हला गाडी असली की बऱ्याच गाड्यांत रिजन सुरूच होत नाही.

गोडोलीकर
सगळ्यांचे आभार. सांगितलं तसे आकडे घेतले. दोन रिजनमध्ये ८५ ते ९५ किमी. किल्ली ऑनला दाब शून्य, नळ्या चांगल्या. होजला गळती नाही, एअर फिल्टर फेब्रुवारीतच बदललाय. ऑइल मॅक्सच्या दोन-तीन मिलिमीटर वर, डिझेलचा वास आहे. कूलंट १२ किमी चालवल्यावरही ६८ च्या वर जात नाही.

आणखी एक. मार्चपासून सकाळची शाळा. सुटायच्या वेळी ऊन असतं, म्हणून गेटपाशी एसी लावून थांबावं लागतं. सगळं मिळून रोज पाऊण तास तरी इंजिन उभ्यानेच चालू.

हिशेबनीस
हा पाऊण तासच हवा होता. एसी लावून आयडलला २.२ लिटर इंजिन तासाला पाऊण लिटरच्या आसपास पितं. म्हणजे रोज ०.५६ लिटर, ट्रिप मीटर जागचा हलत नाही.

४५ किमीला १३ प्रमाणे ३.४६ लिटर. त्यात ०.५६ घातले की ४.०२, अ‍ॅव्हरेज ११.२. दर ९० किमीला एक रिजन म्हणजे रोजचे ०.१७, बेरीज ४.१९, अ‍ॅव्हरेज १०.७. तुमचं १०.४ आहे. उरलेला फरक थंड इंजिनाचा. वीसातले जवळपास तेरा-चौदा टक्के एकट्या थांबण्याने गेलेत. शिवाय आयडलला धूर इतका थंड असतो की काजळी नुसती साठत जाते, त्यामुळे रिजनही लवकर येतं. दिवा आणि अ‍ॅव्हरेज दोन्हींचं मोठं कारण हे थांबणंच निघालं.

अजिंक्यतारा
झाडाखाली गाडी लावून काचा उघड्या ठेवायच्या आणि पोरं यायच्या आधी पाच मिनिटं एसी. महिन्याला दहा-बारा लिटर तरी वाचतील.

कोरेगाव रोड
पुढची गाडी घेताना सीएनजीचा विचार करा. ५-६ किमीच्या फेऱ्यांना डिझेल हे हत्यारच चुकीचं आहे. डिझेल व्हॅन सातारा-पुणे किंवा सांगली-कोल्हापूर धावणाऱ्याला शोभते.

मिरज जंक्शन
कोरेगाव रोड, पुढच्या गाडीसाठी पटतं. हातात आहे त्या गाडीचं कूलंट ६८ वरच अडकतंय, म्हणजे थर्मोस्टॅटच बदलायचाय.

कृष्णाकाठचा फिटर
होय, थर्मोस्टॅटच. काढलेला टाकू नका, पातेल्यात पाण्यात दोरीला टांगून गरम करा, शेजारी थर्मामीटर धरा. थंड पाण्यातच त्याची चकती उघडी दिसली तर निदान पक्कं. नव्यावर उघडायचं तापमान कोरलेलं असतं, जुन्याशी ताडून घ्या. बसवताना रबरी रिंग नवी, कूलंट नळाच्या पाण्याने वाढवू नका, आणि हीटर पूर्ण गरमवर ठेवून हवा काढा. हवा अडकली तर सेन्सर पुन्हा खोटं सांगतो.

गोडोलीकर
शेवटचा प्रश्न. ऑइल आधी बदलू की हायवेला रिजन पूर्ण करून मग?

तासगावकर
एरवी रिजननंतर, म्हणजे त्यात उतरलेलं डिझेलही नव्या ऑइलमध्ये राहत नाही. पण तुमची पातळी आत्ताच मॅक्सच्या वर आहे, त्यामुळे २० मिनिटं २५०० आरपीएमला पळवायच्या आधी ड्रेन बोल्ट सैल करून ती मॅक्सच्या खाली आणा. मग थर्मोस्टॅट, मग शेंद्र्याहून उंब्रजकडे एक पूर्ण रिजन, परत आल्यावर ऑइल आणि ऑइल फिल्टर दोन्ही. ट्रिप बी तिथून शून्य करा आणि तीन टाक्या झाल्यावर इथेच आकडे टाका, एकाच पंपावर, नोझल आपोआप तुटेपर्यंत भरून.